कौटुंबिक आठवणींच्या पुस्तकावरचा विकिपीडिया लेख कसा सुधारावा

विकिपीडियावर मी पहिल्यांदा एका कौटुंबिक आठवणींच्या पुस्तकाचा लेख हाती घेतला, तेव्हा पुस्तक नुकतेच वाचून संपले होते आणि डोक्यात तेच घर नांदत होते. त्या भरात मी लिहून टाकले, की लेखिकेचे वडील दारूच्या आहारी गेले होते आणि थोरल्या भावाने तिचा हिस्सा दाबला. पृष्ठ क्रमांकासह संदर्भही दिला. तासाभरात दोन्ही वाक्ये गेली. चर्चा पानावर एका जुन्या संपादकाने दोनच शब्द लिहून ठेवले होते: ‘कोण म्हणतं?’ मला राग आला. पुस्तकात छापलेले आहे, आणखी कोणी म्हणायला हवे? राग ओसरल्यावर लक्षात आले, की तो भाऊ हयात आहे, त्याची बाजू पुस्तकात कुठेच नाही आणि मी विश्वकोशाच्या तोंडून त्याच्यावर आरोप करून मोकळा झालो होतो.

आठवणींचे पुस्तक ही अवघड जात आहे. कादंबरीतले पात्र जाब विचारायला येत नाही. इतिहासाच्या पुस्तकात निदान तळटिपा असतात. इथे माणसे खरी, त्यांतली बरीचशी हयात, आणि पुरावा म्हणाल तर एकाच व्यक्तीची आठवण. म्हणून असा लेख सुधारताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: आपण पुस्तकाबद्दल लिहितो आहोत, त्या घराबद्दल नाही. पुस्तकात काय आहे, हे लेखात येईल. पुस्तकाबद्दल जाणकारांनी काय लिहिले, हेही येईल. त्या घरात खरोखर काय घडले, हा तिसरा प्रश्न आपल्या अखत्यारीत जवळजवळ येतच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वाटणीवर उभ्या आहेत.

१. आधी लेखाची नाडी बघा

लगेच ‘संपादन’ दाबू नका. लेख एकदा नीट वाचा, मग त्याचे चर्चा पान उघडा, मग ‘इतिहास पहा’. कोणी, कधी, काय घातले ते इतिहासात दिसते. एखाद्या सदस्याने फक्त याच पुस्तकावर आणि याच लेखकावर संपादने केली असतील, तर तो बहुधा प्रकाशनाकडचा किंवा नात्यातला माणूस असतो. अंगावर धावून जायचे कारण नाही. चर्चा पानावर सरळ विचारा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसे जाहीर करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. आणि तुम्ही स्वतःच लेखकाचे भाचे किंवा सून असाल, तर आपल्या सदस्य पानावर तसे लिहा आणि बदल स्वतः न करता चर्चा पानावर सुचवा. जिव्हाळ्याच्या पुस्तकाबद्दल तटस्थ लिहिणे भल्याभल्यांना जमत नाही.

अशा लेखांचा नेहमीचा आजार म्हणजे मलपृष्ठावरची पाठराखण जशीच्या तशी चिकटवलेली असणे. ‘तीन पिढ्यांच्या संघर्षाचा विलक्षण पट उलगडणारे’ असे वाक्य दिसले, की ते अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाका. पुस्तकविक्रीच्या पानावर तेच वाक्य सापडले, तर शब्द इकडेतिकडे करत बसू नका, ते काढूनच टाका. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जातो. तो कोणीही, अगदी व्यापारी कामासाठीही, वापरू शकतो. प्रकाशकाचा मजकूर असा वाटून देण्याचा हक्क आपल्याला नाही.

हा लेख मुळात असावा का, हा प्रश्नही याच वेळी विचारा. इंग्रजी विकिपीडियाचा पुस्तकांसाठीचा सर्वांत जास्त वापरला जाणारा निकष असा, की पुस्तकावर किमान दोन स्वतंत्र, भरीव लेखन प्रसिद्ध झालेले असावे. लेखकाची मुलाखत, प्रकाशकाचे पत्रक किंवा ‘साभार पोच’ सदरातली दोन ओळींची नोंद यात धरत नाहीत. मोठा साहित्य पुरस्कार किंवा पुस्तकावर निघालेला उल्लेखनीय चित्रपट यांनीही काम भागते. यातले काहीच नसेल, तर लेखाला रंगरंगोटी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यातली चार ओळींची माहिती लेखकाच्या लेखात विलीन करायचे सुचवा.

२. पुस्तक पेन्सिल घेऊन वाचा

पुस्तक न वाचता केवळ परीक्षणांवरून लेख सुधारता येतो, पण तो तसाच दिसतो. वाचताना तीन गोष्टी टिपा: पृष्ठ क्रमांक, कोणती आवृत्ती, आणि लेखक स्वतःच्या आठवणीबद्दल काय म्हणतो. ‘हे मला आईकडून कळले’, ‘इथे माझी आणि बहिणीची आठवण जुळत नाही’, ‘काही नावे बदलली आहेत’ अशी वाक्ये सहसा मनोगतात किंवा शेवटच्या ऋणनिर्देशात लपलेली असतात. लेखासाठी ती सोन्यासारखी आहेत, कारण पुस्तक स्वतःच्या विश्वासार्हतेबद्दल काय दावा करते हे तिथेच कळते.

श्रेयनामावलीच्या पानाचा फोटो स्वतःपुरता काढून ठेवा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. लेखात ‘पाचवी आवृत्ती’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ते पहिल्याच आवृत्तीचे पाचवे मुद्रण निघते. आयएसबीएन तपासा. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी होता. कापडी बांधणी, साधी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे पृष्ठसंख्या एका आवृत्तीची आणि क्रमांक दुसरीचा असा घोळ करू नका. शेवटचा अंक बाकीच्या अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो. टंकताना एक आकडा चुकला, तरी संदर्भाचा साचा (लेखात संदर्भ भरायचा तयार नमुना) बहुतेक वेळा लाल अक्षरांत तक्रार करतो.

३. संदर्भ जमवताना

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, साहित्यविषयक नियतकालिके, विद्यापीठीय संशोधनपत्रिका आणि समीक्षाग्रंथ ही पहिली जागा. लेखकाच्या मुलाखती दुसरी. मुलाखत ही लेखकाचे म्हणणे सांगायला उत्तम, पण पुस्तक चांगले आहे हे सांगायला निरुपयोगी. वाचकांचे तारांकित शेरे, दुकानांची पाने, खासगी ब्लॉग आणि समाजमाध्यमांवरच्या नोंदी बाजूला ठेवा.

नवख्यांची फसगत होते ती परीक्षणासारख्या दिसणाऱ्या बातम्यांमध्ये. चार वृत्तपत्रांतले चार ‘परिचय’ शेजारी ठेवून वाचा. तीच विशेषणे, तोच क्रम, शेवटी तीच ओळ आढळली, तर ते चार संदर्भ नव्हेत. एकाच प्रसिद्धीपत्रकाच्या चार प्रती आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्या मान्यवराचे कौतुकही स्वतंत्र मत धरू नये. ज्याने पुस्तक उघडून दिले, तो त्याबद्दल वाईट कशाला बोलेल?

संदर्भ सापडला, की दुवा लगेच इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये साठवा आणि साठवलेल्या प्रतीचा दुवाही साच्यात घाला. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची रचना बदलली, की जुने दुवे पटापट मरतात. छापील अंक हाती असेल तर दुव्याची गरजही नाही. नियतकालिकाचे नाव, अंक, तारीख, लेखाचे शीर्षक आणि पृष्ठ एवढे दिले की पडताळणी शक्य होते. स्रोत ऑनलाइन असलाच पाहिजे, असा विकिपीडियाचा नियम नाही.

४. ‘आशय’ विभाग: इथेच खरी कसोटी

आता धूळपाटी उघडा. आपल्या सदस्यनावाखालची ही कच्च्या कामाची जागा. इथे लिहिण्यात चुकले तरी सहसा कोणी हटकत नाही. मूळ लेखाचा मजकूर तिथे आणायचा असेल तर संपादन सारांशात (बदल जतन करताना त्याचे कारण लिहायच्या चौकटीत) तो कुठून आणला ते लिहा. इंग्रजी किंवा दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडिया लेखाचा अनुवाद करत असाल तर मूळ लेखाचा दुवा सारांशात देणे परवान्यानुसारच आवश्यक आहे.

लेखात बहुधा असे काहीतरी लिहिलेले सापडेल (उदाहरण माझ्या मनचे):

‘आईच्या कडक स्वभावामुळे लेखिकेला लहानपणी कधीच प्रेम मिळाले नाही. अखेर तिने घर सोडले आणि सत्य जगासमोर आणले.’

हे वाक्य घराबद्दल आहे. आता हे बघा:

‘पुस्तकाच्या पहिल्या भागात लेखिका आपले बालपण आईच्या धाकात गेल्याचे सांगतात. घर सोडण्याचा प्रसंग पुस्तकात दोनदा येतो: एकदा सोळा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून आणि पुन्हा शेवटच्या प्रकरणात, स्वतः आई झालेल्या स्त्रीच्या नजरेतून.’

माहिती जवळपास तीच, पण वाक्य पुस्तकाकडे वळले. आईबद्दलचा निवाडा गेला, ‘सत्य’ गेले, आणि त्या बदल्यात पुस्तक कसे रचले आहे हे वाचकाला कळले. बहुतेक वेळा हा बदल करताना लेख कोरडा होण्याऐवजी अधिक माहितीपूर्ण होतो, हा माझा अनुभव.

क्रियापदांकडे लक्ष द्या. मराठीत ती फार बोलकी आहेत. ‘कबूल करतात’ म्हटले, की गुन्हा गृहीत धरला. ‘उघड करतात’ म्हटले, की जे सांगितले ते खरे असून दडवले गेले होते, हे तुम्हीच ठरवून टाकले. ‘दावा करतात’ म्हटले, की शंकेची पाल चुकचुकली. ‘सांगतात’, ‘लिहितात’, ‘वर्णन करतात’, ‘आठवतात’ ही साधी क्रियापदे वापरा. ‘म्हणे’ तर लेखात चुकूनही नको. दोन अक्षरांत ते समोरच्याला खोटे पाडते. उलट टोकाला ‘असे बोलले जाते’, ‘असे मानले जाते’ ही कर्मणी पळवाट असते. बोलणारा कोण, मानणारा कोण, हे सांगता येत नसेल तर वाक्यच नको.

प्रत्येक वाक्यात ‘लेखिका सांगतात की’ घालायला गेलात तर मात्र परिच्छेद पोपटासारखा वाजू लागतो. परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदा ‘लेखिकेच्या कथनानुसार’ अशी चौकट घाला आणि आतला साधा तपशील (गाव बदलले, शाळा बदलली, आजी घरी राहायला आली) सरळ सांगा. ज्या वाक्यात कोणाची वागणूक, आजार, पैसा, व्यसन किंवा हिंसा येते, तिथे न कंटाळता पुन्हा सांगणाऱ्याचे नाव घ्या. काळाचेही तसेच: सांगण्याची क्रिया वर्तमानकाळात, घडलेली घटना भूतकाळात. ‘लेखक सांगतात, की आजोबांनी दुकान विकले.’ हे दोन काळ वेगळे ठेवले, की कथन आणि घटना यांतली भिंत आपोआप उभी राहते.

आठवणींची पुस्तके सहसा काळाच्या उलटसुलट उड्या मारतात. लेखात तो क्रम सरळ करायला हरकत नाही, पण एका वाक्यात मूळ रचना सांगा. त्याच ओघात आकडेमोड करायचा मोह होतो: ‘आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो’ एवढ्यावरून आजीचे मृत्युवर्ष काढून लेखात घालणे, किंवा पुस्तकभर विखुरलेल्या उल्लेखांवरून वंशवृक्ष रचणे. वहीत जरूर काढा, कारण एकाच नावाची दोन आजोबा-नातू मंडळी असली की आपलाच गोंधळ होतो. लेखात मात्र नको. ते तुमचे स्वतःचे संशोधन झाले, आणि विकिपीडियावर मूळ संशोधनाला जागा नाही.

एक अडचण खास आपल्या भाषेची. परभाषेतल्या पुस्तकावर लिहिताना इंग्रजी परीक्षणात नुसते ‘आंट’ असते. आत्या, मावशी, काकू की मामी? मराठीत एक निवडावीच लागते आणि चुकीची निवडली, की लेखात खोटी माहिती गेली. पुस्तकात नाते स्पष्ट होत असेल तर पृष्ठ देऊन लिहा, नाही तर ‘नात्यातील एक स्त्री’ असे म्हणून पुढे चला. ‘कझिन’चीही तीच कथा: चुलत, मावस, आते की मामे? मी स्वतः एकदा अंदाजाने ‘मामा’ लिहिले आणि अनुवाद हाती आल्यावर तो काका निघाला.

किती लिहावे? इंग्रजी विकिपीडियावर चित्रपटाच्या कथानकासाठी ४०० ते ७०० शब्दांची मर्यादा सांगितलेली आहे. पुस्तकासाठीही त्याच आसपास थांबावे, असे मला वाटते. आशयाने अर्धा लेख व्यापला असेल, तर लेख अजून तयार झालेला नाही, असे खुशाल समजा.

५. हयात माणसे

२००५ साली जॉन सिगेनथॉलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकारावरच्या विकिपीडिया लेखात कोणीतरी लिहिले, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. ही निखालस थाप सुमारे चार महिने तशीच राहिली. त्यावर झालेल्या गदारोळातून हयात व्यक्तींबद्दलचे कडक धोरण आकाराला आले. हयात माणसाबद्दलचा वादग्रस्त आणि विनासंदर्भ मजकूर चर्चेची वाट न पाहता काढायचा, असे ते धोरण सांगते. हे फक्त चरित्रलेखांना लागू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ते प्रत्येक पानाला लागू आहे: पुस्तकाच्या लेखाला, चर्चा पानाला आणि तुमच्या धूळपाटीलाही. नुकत्याच निधन झालेल्या व्यक्तींबाबतही काही काळ हीच काळजी घेतात. इंग्रजी विकिपीडिया हा काळ फार तर दोन वर्षे धरतो.

कौटुंबिक पुस्तकात लेखक सार्वजनिक व्यक्ती असतो. त्याची बहीण, पहिली पत्नी, मुले, शेजारी तशी नसतात. त्यांनी आपले नाव विश्वकोशात यावे म्हणून काहीही केलेले नसते. प्रत्येक नावापाशी थांबून विचारा: या नावाऐवजी ‘धाकटी बहीण’ लिहिले तर लेखाचे काय बिघडते? दहांत नऊ वेळा काहीच बिघडत नाही. मुलांची नावे, जन्मतारखा, घराचा पत्ता, कोणाच्या आजाराचे निदान हे सगळे पुस्तकात छापलेले असले, तरी लेखात नको.

बदललेल्या नावांबाबत तर हात आखडताच ठेवा. पुस्तकात टोपणनावाने आलेला माणूस प्रत्यक्षात कोण, हे शोधून काढणे चतुर वाचकाला जमते. जमले तरी लेखात, संपादन सारांशात, चर्चा पानावर, कुठेच लिहू नका. चुकून लिहिलेच गेले, तर नुसते पुसून भागत नाही, ते इतिहासात राहते. प्रचालकाला (विकिपीडियावर जादा अधिकार असलेल्या सदस्याला) खासगीत कळवून पानाची ती आवृत्ती लपवून घ्यावी लागते.

६. आठवणीवर वाद झाला असेल तर

अमेरिकी लेखक ऑगस्टेन बरोज यांचे ‘रनिंग विथ सिझर्स’ हे आठवणींचे पुस्तक २००२ मध्ये आले. किशोरवयात ते ज्या कुटुंबात राहिले होते, त्या कुटुंबाने २००५ मध्ये बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये तडजोड झाली. लेखकाच्या निवेदनात ‘मेमॉयर’ऐवजी नुसते ‘पुस्तक’ म्हणायचे आणि कुटुंबीयांच्या आठवणी वेगळ्या असल्याची नोंद घ्यायची ठरले. आपण लिहिले ते खरेच आहे, हे म्हणणे मात्र लेखकाने सोडले नाही. असा वाद लेखात कसा मांडायचा, याचा सांगाडाच इथे मिळतो: कोणी, कधी, कशावर आक्षेप घेतला, लेखकाचे उत्तर काय, शेवट काय झाला. खरे कोणाचे, हे वाक्य नाही. दावा अजून चालू असेल तर तो ‘आरोप’च राहतो. आणि अशा गोष्टीसाठी ‘वाद’ नावाचा स्वतंत्र उकिरडा काढू नका. ‘प्रतिसाद’ विभागात, जितकी जागा विश्वासार्ह स्रोतांनी त्याला दिली आहे तितक्यात बसवा.

उलट तक्रार लेखकाकडूनही येते. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी २०१२ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून खुले पत्रच लिहिले. त्यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीमागची प्रेरणा लेखात चुकीची दिली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्ती करायला सांगितल्यावर त्यांच्याकडे दुय्यम स्रोत मागितला गेला. लोक यावर हसले, आणि हसण्यासारखे आहेही. पण गंमत अशी, की पत्र प्रसिद्ध झाल्यावर लेखकाचे म्हणणे उद्धृत करता येईल असा स्रोत तयार झाला आणि ते लेखात आले. लेखक किंवा त्याचे नातलग चर्चा पानावर येऊन ‘हे चूक आहे’ म्हणाले, तर त्यांना हाच मार्ग सौम्य शब्दांत सांगा. आणि ज्या वाक्यावर त्यांचा आक्षेप आहे त्याला भक्कम संदर्भ नसेल, तर आधी ते वाक्य काढा.

७. ‘प्रतिसाद’ लिहिणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण स्वतंत्र स्रोतांवर उभा असलेला हाच विभाग. नवे संपादक परीक्षणांतली एकेक ओळ उचलून माळ गुंफतात: अमुक म्हणाले ‘अप्रतिम’, तमुक म्हणाले ‘हृदयस्पर्शी’. त्यातून वाचकाला काही मिळत नाही. सगळी परीक्षणे समोर ठेवून ती कशाबद्दल बोलतात ते शोधा. समजा, तिघांनी भाषेबद्दल लिहिले, दोघांनी आईच्या चित्रणाबद्दल, एकाने शेवट घाईचा वाटल्याचे म्हटले. मग परिच्छेद मुद्द्यांनुसार पाडा आणि प्रत्येक मताला नाव द्या. थेट अवतरण छोटे आणि तेव्हाच, जेव्हा समीक्षकाचे शब्दच महत्त्वाचे असतील.

‘ओघवती शैली’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावतात’, ‘वाचकाला खिळवून ठेवते’ ही परीक्षणांची चलनी नाणी आहेत. समीक्षकाची असोत की तुमची, लेखात ती वाजत नाहीत. पुरस्कार लिहिताना वर्ष, विभाग आणि विजेते की नामांकन हे तपासा. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या यादीपर्यंत जा, कारण पाठराखणीवर नामांकनाचाही ‘सन्मान’ होतो. एकही प्रतिकूल मत सापडले नाही, तर ओढूनताणून शोधू नका. तोलाचा अर्थ पन्नास-पन्नास टक्के नव्हे.

८. वरचे आणि कडेचे

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा: पुस्तक, लेखक, वर्ष, प्रकार, कशाबद्दल, आणि त्याची दखल का घेतली गेली. ‘प्रकार’ लिहिताना जपून. आत्मचरित्र म्हणजे साधारण सगळे आयुष्य, आठवणी म्हणजे त्यातला तुकडा, आणि ‘आत्मकथनात्मक कादंबरी’ म्हटले की सत्याचा करारच बदलतो. मुखपृष्ठ एक म्हणते आणि समीक्षक दुसरे, असे असेल तर दोन्ही सांगा.

माहितीचौकट (लेखाच्या कडेची ठळक तपशिलांची चौकट) भरा, वर्ग जोडा, लेखकाच्या पानावरून या लेखाला दुवा द्या, विकिडेटा या सामाईक माहितीकोशावर दुसऱ्या भाषांतल्या लेखांशी जोडणी झाली आहे का बघा. मुखपृष्ठाचे चित्र विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मुक्त चित्रांच्या सामाईक साठ्यात, चढवू नका. ते प्रताधिकारित असते आणि तिथून काढले जाते. काही भाषांचे विकिपीडिया मर्यादित वापराच्या नियमाखाली ते स्थानिक पातळीवर ठेवू देतात. आपल्या विकिपीडियाचे धोरण आधी वाचा. चित्राविना लेख अडत नाही.

९. बदल प्रकाशित करताना

धूळपाटीवरचा सगळा मजकूर एका झटक्यात लेखावर ओतू नका. आधी पाठराखणीची चोरी काढा आणि प्रकाशित करा. मग आशय. मग प्रतिसाद. प्रत्येक वेळी सारांशात कारण लिहा: ‘प्रताधिकारित मजकूर वगळला’, ‘हयात व्यक्तीबद्दल विनासंदर्भ विधान काढले’, ‘दोन परीक्षणांचे संदर्भ जोडले’. असे केले की एखादा बदल कोणाला खटकला तर तो तेवढाच उलटवतो, बाकीचे वाचते. उलटवलाच, तर पुन्हा घालायच्या आधी चर्चा पानावर जा.

मग लेखाच्या वरच्या चांदणीवर टिचकी मारून लेख निरीक्षणसूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या पानांच्या यादीत, टाका. पुस्तकावर चित्रपट जाहीर झाला, लेखकाला मोठा पुरस्कार मिळाला किंवा घरातले कोणी मुलाखतीत बोलले, की चार दिवसांत लेखात नवी नावे आणि जुनी भांडणे शिरतात. त्या आठवड्यात रोज एकदा इतिहास उघडा.